शेपटीकडे पोहणारा मासा

दत्ताकाका, तुमच्या दहाव्याला मी रोह्याला आले ती रडायला नाही. बघायला आले. कंपनीतून कोण येतं, कोण मागे उभं राहतं, कोण काकूंच्या हातात पाकीट देतं. दोन वर्षं मी तुमच्याकडे ज्या नजरेनं बघत होते, त्याच नजरेनं तुमच्याकडे आलेल्या माणसांकडे बघत बसले होते. तुमच्या शिफ्टमधले चौघे आले, चहा न घेता गेले. साहेबांच्या कॉलनीतून कोणीही आलं नाही. तेव्हाही माझ्या मनात आलं, मुद्दामच आले नसतील.

अशी मी. तुम्हीच म्हणायचात, "ही पोर दुधातसुद्धा पाणी शोधत नाही, पाण्यात कंत्राटदार शोधते."

शोधायचेच. आमच्या घरात भिंतीला पत्रकं चिकटवलेली असायची. बाबा मिठागरावरून यायचे, पायाला मीठ तसंच, आणि कंदिलाखाली मोर्चाचं पत्रक मोठ्यानं वाचायचे. मी अक्षरं शिकले ती 'जाहीर निषेध'वरून. तुम्ही आणि बाबा तरुणपणी एकाच मिठागरावर फावडं ओढलेली माणसं. पुढे तुम्ही आयटीआय केलंत, रोह्याच्या कंपनीत मीटर दुरुस्त करायला लागलात, आणि बाबा खाडीकाठीच राहिले. तुम्ही पगारी झालात, हे मी तुम्हाला कधी पूर्ण माफ केलं नव्हतं. आज कबूल करते.

तुमचा तो हौशी वायरलेसचा नाद मला आधी चैन वाटायचा. हातात मावणारा वायरलेस सेट, ताकद एक वॅट. "सायकलच्या दिव्याला याच्यापेक्षा जास्त लागते," तुम्ही अभिमानानं सांगायचात. आणि मग तो अँटेना. सागाची पट्टी, तिच्यावर ओळीनं आडव्या पाच काड्या, भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या जाड तारेच्या, मोजून कापलेल्या. एका टोकाची काडी सगळ्यात लांब, दुसऱ्या टोकाची सगळ्यात लहान. मध्यभागी बांबू. लांब काडीला तुम्ही लाल चिंधी बांधायचात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. तो खांद्यावर टाकून घरामागच्या टेकडीवर चढलात की पोरं ओरडायची, "काटा निघाला! काटा निघाला!" माशाच्या काट्यासारखाच दिसायचा तो.

"ताकद वाढवून काय करायचं?" तुम्ही म्हणायचात. "दिशा नीट कर. एक वॅट पेणपर्यंत जातो."

आणि पेणजवळच्या आमच्या गावात खरंच यायचा. आमच्या माळ्यावर, कौलांच्या खाली, तसाच एक काटा तुम्ही स्वतः बांधून गेलात. "हात लावू नको. केसभर हलला तर मी गेलो." खाली एक जुना सेट दिलात, त्यातला बोलण्याचा भाग काढून टाकलेला. "लायसन नाही तोवर नुसतं ऐकायचं. ऐकणं आधी शिक." मग रोज संध्याकाळी सहाला, तुमची पहिली शिफ्ट संपून जेवण-झोप झाल्यावर, तुमचा आवाज आमच्या घरात यायचा. चाचणी, चाचणी. वारा कुठून, भरती किती वाजता, आकाश कसं. मी ते कागदावर उतरवायचे आणि पोस्टकार्डावर तुम्हाला पाठवायचे: तारीख, वेळ, काय ऐकलं, किती स्पष्ट, खरखर किती. कार्ड मिळालं की तुम्ही तुमच्या नोंदवहीत त्या दिवसापुढे बरोबरची खूण करायचात. "तुमच्या पत्रकाला असं उत्तर येतं का कोणाचं?" हा तुमचा टोमणा.

यायचं नाही. पण मी हरायचे नाही.

आपलं भांडण एकच होतं, काका, पण ते कधी संपलं नाही. मी म्हणायचे, हे यंत्र लोकांच्या कामाला लावा. आमच्या गावचा खाडीचा बांध खचलाय, खारं पाणी भातशेतीत येतंय, दुरुस्तीचं काम घेणाऱ्या कंत्राटदारानं वरवर चिखल थापलाय. गावागावांतून माणसं जमवायची आहेत, निरोप द्यायचे आहेत. तुम्ही म्हणायचात, लायसन त्यासाठी नाही. धंदा नाही, राजकारण नाही, दुसऱ्याचा निरोप नाही.

"बांध हे राजकारण आहे?"

"मोर्चा आहे."

"मग तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"मी हवेच्या बाजूचा. हवा सगळ्यांची."

"अँटेना तर एकाच बाजूला बोलतो तुमचा," मी म्हटलं होतं, "आणि तुम्ही तटस्थ?"

यावर तुम्ही खूप हसलात. तेच हसणं पुढे मला टोचत राहिलं. कारण तोच कंत्राटदार तुमच्या कंपनीला मजूर पुरवायचा, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मलाही.

आता त्या दिवसाकडे येते. पेणचे छापखाने आम्हाला टाळायला लागले होते, म्हणून मी पत्रकं रोह्याला छापून घेतली. गठ्ठा घेऊन दुपारी तुमच्याकडे आले. काकूंनी वालाचं बिरडं वाढलं. तुम्ही शिफ्टवरून आलात, गठ्ठा पाहिलात. मी सांगितलं, उद्या सकाळी बाबा हा गठ्ठा वडखळवरून पेणच्या बाजारात नेणार, परवा मोर्चा. तुम्ही सहाच्या बोलण्यात एवढंच सांगा, की परवा पेणला या. कोण कोण ऐकत असेल, येतील.

"नाही सांगणार."

"एक वाक्य आहे, काका."

"वाक्य एकच असतं गो. लायसनही एकच आहे."

मी गठ्ठा उचलला. काकू म्हणाल्या, "अगो, ताक तरी पिऊन जा." मी थांबले नाही. चारची एसटी धरायची होती. ती आलीच नाही. पाऊण तास स्टँडवर धुमसत बसले. पावणेपाचला गाडी निघाली, वळणावर आली, आणि खिडकीतून मला टेकडी दिसली. टेकडीवर तुम्ही. तुम्ही सहाच्या आधी कधी चढला नव्हतात. तोंडाशी सेट, एक हात बांबूवर, आणि लाल चिंधी बांधलेलं लांब टोक सरळ कॉलनीकडे. साहेबांच्या बंगल्यांकडे. त्यांच्याच गेटवर कंत्राटदाराची जीप उभी असायची.

खाडीकाठच्या पोरीला काटा वाचायला शिकवावं लागत नाही. ताटात रोज असतो. डोक्याकडे हाडं लांब, शेपटीकडे लहान होत जातात. मासा डोक्याच्या दिशेनं जातो. लांब टोक जिकडे, तिकडे तोंड. तुमचं तोंड कॉलनीकडे होतं. मला आणखी काही बघायची गरज वाटली नाही.

घरी पोचले तेव्हा सहा वाजत आले होते. सेट फळीवर होता. मी त्याला हात लावला नाही. त्या संध्याकाळी मला तुमचा वारा आणि तुमची भरती ऐकायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडखळच्या नाक्यावर पोलिसांनी बाबांना एसटीतून उतरवलं. बाकी कोणाची पिशवी बघितली नाही, फक्त बाबांची. गठ्ठा गेला. बाबा आठ दिवस आत राहिले. मोर्चा पत्रकांशिवाय निघाला, निम्म्या गावांना कळलाच नाही. पुढच्या उधाणाला बांध फुटला आणि खालची शेतं मिठाची झाली.

बाबा आत असतानाच मी तुमच्या दारात येऊन उभी राहिले. शेजारी बाहेर आले तरी माझा आवाज खाली आला नाही. काय काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल; मला सगळं आठवतं. तुम्ही उंबऱ्यात उभे होतात, हातात कानस. एवढं ऐकून घेतलंत आणि एकच प्रश्न विचारलात.

"त्या दिवशी सहाला सेट लावला होतास का?"

मी म्हटलं, चौकशी माझी करता? उलटी माझीच? आणि रागाच्या भरात, तुम्हाला एक पाऊलसुद्धा जागा द्यायची नाही म्हणून, मी म्हटलं, "लावला होता. तासभर लावला होता. नुसती खरखर. तुमचा एक शब्द नव्हता."

तुम्ही कानस दाराच्या चौकटीवर ठेवलीत. "बरं," म्हणालात, आणि आत गेलात. त्या 'बरं'ला मी दोन वर्षं कबुली समजत आले.

त्यानंतर मी पत्रकात लिहिलं: 'रोह्याच्या टेकडीवर एक कान आहे आणि त्याची तार कॉलनीत जाते.' नाव घातलं नाही. गरजच नव्हती. टेकडीवर दुसरं कोण चढायचं? मला सांगण्यात आलं की कंपनीच्या कँटीनमध्ये कोणीतरी ते तुमच्या ताटाशेजारी ठेवलं, आणि तुम्ही घडी करून खिशात घातलंत. मला त्या वेळी बरं वाटलं होतं. हेही लिहून ठेवते.

सुटून आल्यावर बाबा एवढंच म्हणाले होते, "दत्ता असला नाय. आमी दोगं एका भाकरीवर मीठ वढलंय."

"बाबा, मी डोळ्यांनी पाहिलं."

"डोल्यांनी काय पायलंस? त्याचं बोलनं डोल्यांनी पायलंस?"

मी बाबांवरही चिडले. भोळा माणूस म्हटलं.

तर, दहाव्याला माणसं पांगल्यावर काकूंनी मला थांबवलं. आतून तुमची नोंदवही आणली, तीच, जाड पुठ्ठ्याची, पानांना हातानं आकडे घातलेली. मी विचारलं, माझ्यासाठी ठेवून गेले का? काकू म्हणाल्या, "नाय हो. तुझं नावसुद्धा काढत नव्हते. मीच देते. वाच आनि गप बस एकदाची."

त्या दिवसाचं पान मी सरळ काढलं. तुमचं अक्षर बारीक, शाईचं. साधारण असं होतं: चारनंतर पुन्हा गेटसमोरच्या टपरीवर चहाला गेलो. कंत्राटदाराचा मुकादम बोलताना ऐकलं, उद्या सकाळी वडखळला म्हाताऱ्याचा गठ्ठा उचलणार, त्यांच्या मोर्चाच्या कमिटीतल्यानंच सांगितलं. चारची एसटी गेलेली असणार. गावात फोन एकच, सोसायटीच्या दुकानात, तो कंत्राटदाराच्या भावाच्या ताब्यात. म्हणून लगेच टेकडी, सहापर्यंत चाचणी. अँटेना पेणकडे. सहा वाजता: गठ्ठा उद्या आणू नका, वडखळला पोलीस आहेत. सहा वाजून दहा मिनिटं: तेच. सहा-वीस: तेच. अशा आठ ओळी. शेवटची सात वाजून दहा मिनिटांची: तेच, आणि बॅटरी संपली. आणि त्याखाली, 'पोचलं असावं.'

कार्डाच्या खुणेची जागा रिकामी.

मी काय केलं असेल, सांगा. रडले? नाही, काका. मी पान उजेडात धरून शाई बघितली. पानांचे आकडे सलग आहेत का, मधलं पान चिकटवलेलं आहे का, ते बघितलं. मग म्हटलं, "काकू, इथं लिहिलंय पेणकडे. मी बसमधून पाहिलं, चिंधीचं टोक कॉलनीकडे होतं."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जशी मी पहिलीतल्या पोरासारखी आकडा चुकले. "मग बरोबरच की. चिंधी मागच्या काडीला."

"मागच्या?"

"लांब काडी ती पाठ गो. पुढे लहान. मला विचार, बांबू मी धरलाय किती वेळा. म्हनायचे, लांब काडी तुझ्यासारखी, पाठीशी उभी राहून ढकलते, बोलनारा मी मधला, नि ह्या पुढच्या बारक्या वाट दाखवतात." मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "हा मासा शेपटीकडे पोवतो. तुला सांगितलं नाय कधी?"

सांगितलं नव्हतंत. मी विचारलं नव्हतं. माळ्यावरचा काटा तुम्ही बांधून गेलात, हात लावू नको म्हणालात, आणि अंधारात मी त्याच्याकडे कधी नीट पाहिलंच नाही.

तरीही माझा संशय मेला नव्हता. परतीच्या एसटीत मी हिशेब मांडत होते: अँटेनाच्या पाठीकडूनही थोडं जातंच, तुम्हीच एकदा म्हणाला होतात. वही नंतरही लिहिता येते. माणूस मेल्यावर चांगला करणं सोपं असतं. खांब गेलं, नागोठणं गेलं. वडखळ आलं आणि मी मान वर केली. घरांवर टीव्हीचे अँटेना. किती वर्षं त्यांच्याखालून जातेय. एकूणएक सगळे मुंबईकडे तोंड करून, आणि एकूणएक सगळ्यांचं लहान टोक पुढे. छपराछपरावर लिहिलेलं होतं, काका. मी पत्रकं वाचत होते.

घरी येऊन माळ्यावर चढले, बॅटरी मारली. लहान टोक रोह्याकडे.

आणि मग नोंदवहीची पुढची पानं उघडली, जी काकूंसमोर उघडली नव्हती. त्यात हवामान नाही, भरती नाही. चित्रं आहेत. पाच काड्यांची, मग सहा काड्यांची. प्रत्येक काडीची लांबी, खोडून पुन्हा लिहिलेली. कधी दोन मिलिमीटर कमी, कधी तीन जास्त. 'केबल बदलली.' 'सांधा पुन्हा केला.' 'टेकडीवर जागा बदलून पाहिली, दहा पावलं वर.' 'त्या दिवशी दमट हवा होती, त्यामुळे?' 'सागाऐवजी बांबू?' महिन्यामागून महिने. एका पानावर नुसतं: 'तासभर ऐकत होती. एक शब्द नाही. कुठे चुकलो?'

एवढं खोटं कोणी लिहीत नाही. दोन वर्षं कोणी खोट्यासाठी तार कापत नाही.

काकूंना दुसऱ्या दिवशी पेणच्या टपरीवरच्या फोनवरून विचारलं. "व्हय गो, तेवढंच चाललेलं. जेवताजेवता उठायचे. म्हनायचे, पोचायला हवं होतं. मी म्हनायचे, पोर खोटं बोलली असेल रागानं. तर माझ्यावरच चिडायचे. म्हनायचे, ती भांडखोर हाय, खोटारडी नाय."

काका, तुम्ही नियम मोडलात. ज्या एका वाक्यासाठी तुम्ही दुपारी मला नाही म्हणालात, त्याहून मोठं वाक्य तुम्ही संध्याकाळी आठ वेळा बोललात, आणि मग ते स्वतःच्या वहीत, स्वतःच्या सहीनं, शाईनं लिहून ठेवलंत, कारण वहीत खोटं लिहायचं नाही. कोणी तपासायला आलं असतं तर लायसन गेलं असतं. माझं नाव मात्र त्या पानावर कुठेही नाही. मग मी दारात ओरडत होते तेव्हा हीच वही माझ्या तोंडावर का नाही मारलीत? मला वाटतं, कारण तुमच्या मते तुम्ही नापास झाला होतात. निरोप पोचला नाही तर दिला असं म्हणायचं नाही, असलं काहीतरी तुमचं तत्त्व असणार. तत्त्वं माझ्याकडेही आहेत. पण तुम्ही माझ्या शब्दावर तुमच्या हातापेक्षा जास्त विश्वास ठेवलात, आणि मी तुमच्यावर चिंधीएवढाही ठेवला नाही.

आमच्या कमिटीत आम्ही पाच जण. त्यातल्या कोणीतरी मुकादमाला सांगितलं. माझी बोटं शिवशिवतात, एक नाव जिभेवर आहे. पण ते आज लिहिणार नाही. आधी त्याच्या दारात जाऊन विचारीन, आणि उत्तर येईपर्यंत ऐकीन.

काल बाबांना सगळं वाचून दाखवलं. सेट बंद होता, हेही सांगितलं. बाबांनाही मी दोन वर्षं तेच खोटं सांगत आले होते. त्यांनी माळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "जिथं त्याला कान म्हनलीस, तिथंच ल्ही. त्याच पत्रकात. आनि आक्षरं बारीक नको."

म्हणून हे इथे, त्याच पत्रकात, त्याच जागी. तुमच्या वहीतली ती खुणेची जागा मी भरलेली नाही. दुसऱ्याच्या नोंदवहीत लिहायचं नाही. पण एक कार्ड माझ्याकडून राहिलं होतं, ते दोन वर्षांनी पाठवते.

वेळ: संध्याकाळी सहा ते सात वाजून दहा मिनिटं. काय ऐकलं: काही नाही. खरखर: तीही नाही. कारण: सेट फळीवर बंद होता, मी लावला नव्हता. काड्यांची लांबी बरोबर होती, काका. दिशा बरोबर होती.